शाळेचा हिशेब कोणाला द्यायचा?

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्या अभ्यासवर्गात बहुधा मोठे विषय असतात. आजचा विषय त्या मानाने लहान वाटेल. महापालिकेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून काम करतो. त्या नात्याने या शहरातील सार्वजनिक शाळांचा वृत्तांत आपल्यापुढे ठेवावा, असे मला सांगण्यात आले. शिक्षक किती, गणवेश केव्हा, पोषण आहार कसा, एवढ्यावर हा वृत्तांत आटोपता आला असता. पण या बाबींचा विचार करू लागलो की प्रत्येक वेळी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबावे लागते. सार्वजनिक शाळेचा हिशेब कोणी, कोणाला आणि कोठे द्यायचा? या प्रश्नाचे उत्तर एके काळी आपल्याकडे होते. आज ते उरलेले नाही, आणि ते नाहीसे झाल्याची फारशी हळहळही कोणाला वाटली नाही. मला मुख्यतः त्याविषयी बोलायचे आहे.

थोडे मागे जाऊ. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली आणि रयतेच्या करातून वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते यावर बोट ठेवले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९१७ साली शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात ही सक्ती आणली. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने शिक्षण मंडळांची घडी बसवून दिली. जिल्ह्याची मंडळे १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांत विलीन झाली. शहरांची मात्र पुढे अर्धशतकभर चालू राहिली.

हा क्रम मुद्दाम सांगितला. शाळेवरील अधिकार हा वरून खाली, साहेबाच्या कचेरीतून गावाच्या व नगराच्या चावडीकडे, अशा दिशेने सरकत आला होता. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंभा राज्याची जी कल्पना मांडली, तिचा गाव आणि जिल्हा हे दोन खांब ज्या थोड्या क्षेत्रांत खरोखर उभे राहिले होते, त्यांत प्राथमिक शिक्षण हे एक होते.

२०१३ साली राज्य सरकारने कायदा बदलून ही मंडळे मोडीत काढली. काही शहरांत चालू मंडळाला मुदत पुरी करू दिली गेली, एवढेच. कारण असे सांगण्यात आले की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही जबाबदारी ‘स्थानिक प्राधिकरणा’वर, म्हणजे आपल्या बाबतीत महापालिकेवर टाकली आहे, तेव्हा वेगळ्या मंडळाचे प्रयोजन उरत नाही. शिवाय मंडळांची कीर्तीही फारशी चांगली नव्हती. वह्या, बाके, गणवेश यांची खरेदी, शिक्षकांच्या बदल्या, नेमणुका, या प्रत्येक बाबतीत अनेक शहरांतून ओरड होती. सत्ताधारी पक्षाला ज्याला नगरसेवकपदाचे तिकीट देता आले नाही त्याची सोय लावण्याची ती जागा झाली होती. हे सारे नाकारण्याचे काही कारण नाही. मंडळे गेली तेव्हा रस्त्यावर कोणी उतरले नाही, याचे कारणही तेच.

परंतु रोग काय होता आणि उपचार काय झाला, हे नीट पाहिले पाहिजे. रोग होता खरेदीतील भ्रष्टाचाराचा. उपचार झाला तो असा, की खरेदी राहिली, ठेकेदार राहिला, अधिकारी राहिला. गेले फक्त ते मेज, ज्याभोवती निवडून दिलेली माणसे बसत असत आणि ज्यांना बाहेर आल्यावर गाठून विचारता येत असे. मंडळाचा सदस्य वाईट असला तरी त्याचे घर मोहल्ल्यात होते. त्याला मुलांच्या फाटक्या पुस्तकांबद्दल भर रस्त्यात बोल लावता येत होता. आज उपायुक्तांच्या दालनाबाहेर चिठ्ठी पाठवून ताटकळत बसावे लागते, आणि भेट झालीच तर ‘प्रस्ताव सादर केला आहे’ हे उत्तर ऐकून परतावे लागते.

आता आपल्या शहराकडे वळू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड (त्या वेळी कुलाबा) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले, हे या सभागृहाला सांगण्याची गरज नाही. शाळांच्या बाबतीत या शहराच्या जन्मातच दोन धारा आहेत. नव्या वसाहतींत सिडकोने शाळांसाठी भूखंड राखले आणि ते सवलतीच्या दराने खाजगी संस्थांना दिले. तेथे मोठमोठ्या इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या. जुन्या गावठाणांतून जिल्हा परिषदेच्या शाळा होत्या. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि तिच्या हद्दीतील त्या शाळा पुढे पालिकेकडे आल्या. एका रस्त्याच्या अलीकडे सार्वजनिक जमिनीवरची खाजगी शाळा आणि पलीकडे गावठाणातील किंवा झोपडवस्तीतील पालिकेची शाळा, हे चित्र घणसोलीपासून बेलापूरपर्यंत आपण रोज पाहतो.

पालिकेच्या शाळेत आज कोणाची मुले आहेत? दिघा, तुर्भे येथील वस्त्यांतल्या कामगारांची, बाजार समितीच्या आवारात पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाड्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांची. मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली ही कुटुंबे आहेत. मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाचे वर्ग पालिकेला चालवावे लागतात ते त्यामुळेच.

आपली पालिका गरीब नाही. मोरबे धरण तिच्या मालकीचे आहे. स्वतःचे धरण असलेल्या महापालिका देशात किती आहेत? तिचे अंदाजपत्रक हजारो कोटींचे असते. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०२३ साली तिचा तिसरा क्रमांक आला. वाशी येथील तिचे अपंग मुलांसाठीचे शिक्षण व प्रशिक्षण केंद्र पाहावयास दूरदूरहून लोक येतात. ‘सरकारी म्हणजे निकृष्ट’ असे जे सर्रास बोलले जाते त्याला हे केंद्र हे चोख उत्तर आहे. मनात आणले, माणसे नेमली आणि पैसा दिला तर सार्वजनिक संस्था उत्तम चालते. मग प्रश्न उरतो तो असा, की सामान्य शाळेच्या बाबतीत हे मनात कोणी आणायचे आणि आणले नाही तर जाब कोणी विचारायचा?

मे २०२० मध्ये पालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ, २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत, शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. शिक्षण मंडळ आधीच गेलेले, आणि आता सभागृहही नाही. २०२० साली पहिलीत आलेले मूल प्राथमिक शाळेची पाच वर्षे पुरी करून सहावीत गेले, आणि त्या सबंध काळात त्याच्या शाळेविषयी मत देणारा एकही लोकनियुक्त प्रतिनिधी पालिकेत नव्हता. त्यातले पहिले दीड-दोन वर्ष तर महामारीने शाळेचे दारच बंद होते. एका पिढीच्या प्राथमिक शिक्षणाचा सगळा काळ प्रतिनिधीविना गेला, ही गोष्ट लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्याला अस्वस्थ करणारी आहे. अधिकारी वाईट होते असे मला म्हणावयाचे नाही. चांगल्या अधिकाऱ्याचे कामही त्याच्या बदलीबरोबर थांबते, आणि ते का थांबले हे विचारण्याचा हक्क कोणापाशी राहत नाही, हा खरा दोष आहे.

या पोकळीचे परिणाम तीन बाबींत स्पष्ट दिसतात.

पहिली बाब शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ असे आहे की शाळेतील मंजूर शिक्षकपदांपैकी १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे. प्रत्यक्षात ठोक मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर माणसे नेमून वर्ग चालविण्याची रीत राज्यभर पडली आहे. सीवूड्स व कोपरखैरणे येथे पालिकेने केंद्रीय मंडळाच्या शाळा काढल्या तेव्हा पालकांनी त्यांचे स्वागत केले, प्रवेशासाठी झुंबड उडाली. पण कोपरखैरण्याच्या शाळेत शिक्षक अपुरे म्हणून पालकांना आवाज उठवावा लागला. इमारत एका अंदाजपत्रकात उभी राहते आणि तिच्या उद्घाटनाचा फलक लागतो. शिक्षकाचे वेतन मात्र दर वर्षी द्यावे लागते आणि त्याचा फलक लागत नाही. मानधनावरच्या शिक्षकाला दोष देऊ नका. तोही कंत्राटी कामगारच आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा ठामपणे सांगितले आहे. त्याच्या आणि पालकांच्या मागण्या एकच आहेत, हे दोघांनाही पटवून देणे हे आपले काम आहे.

दुसरी बाब गणवेशाची. ही वरवर क्षुल्लक वाटते, पण तिच्यात सत्तेच्या केंद्रीकरणाचा सगळा धडा आहे. गणवेशाची रक्कम शाळा व्यवस्थापन समितीकडे येई आणि समिती गावातल्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून हा अधिकार वर ओढून घेतला. कापड एका ठिकाणी खरेदी व्हायचे, कापले जायचे आणि मग बचत गटांकडे शिलाईला जायचे. शाळा जूनमध्ये उघडल्या आणि मुले महिनोन्‌महिने गणवेशाची वाट पाहत राहिली. ज्यांना मिळाले त्यांतल्या अनेकांना ते अंगाला येईनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिले. मुलाच्या अंगाचे माप मंत्रालयातून घेता येत नाही, एवढे शिकण्यासाठी एक शैक्षणिक वर्ष खर्ची पडले. शिक्षण मंडळे मोडताना जो युक्तिवाद झाला, तोच येथेही होता: खाली गैरव्यवहार होतो, म्हणून अधिकार वर न्या. अधिकार वर गेल्याने गैरव्यवहार संपतो असे अनुभवास येत नाही. तो फक्त आपल्या नजरेच्या टप्प्याबाहेर जातो.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने शिक्षण हक्काच्या नियमांत असा बदल केला की, ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, त्या शाळेला गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याचे बंधन राहणार नाही. सरकारी शाळा जवळ असताना खाजगी शाळेत गरिबांना कशाला पाठवायचे, हा त्यामागचा तर्क. बरोबर पाच आठवड्यांनी, १५ मार्च २०२४ रोजी, संचमान्यतेचा शासन निर्णय निघाला. त्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत मुले २० पेक्षा कमी असतील तर तेथे नियमित शिक्षकाचे पद मंजूर होत नाही. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. एका कागदात सरकार म्हणते, तुमच्यासाठी आमची शाळा आहे. दुसऱ्या कागदात त्याच शाळेतला शिक्षक काढून घेते. पहिला बदल १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, तो जागरूक पालकांनी दाद मागितली म्हणून. नागरिक जेथे उभे राहिले तेथे कायदा टिकला, ही त्यातली शिकवण आहे.

आता, करायचे काय? शिक्षण मंडळे पुन्हा जशीच्या तशी आणा, असे मी म्हणणार नाही. पण ज्या कायद्याचे निमित्त सांगून ती मोडली त्याच कायद्याने एक साधन आपल्या हाती दिले आहे, आणि आपण ते गंजत ठेवले आहे. ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कलम २१ प्रमाणे तिच्यात किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांतून निवडायचा. मुख्याध्यापक हे केवळ सचिव. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या विनियोगावर देखरेख आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. कलम २२ तर असे सांगते की त्या आराखड्याच्याच आधारे स्थानिक प्राधिकरणाने व सरकारने शाळेला अनुदान द्यावे. कायद्याच्या शब्दांत पाहिले तर जुन्या शिक्षण मंडळाच्या सदस्यालाही आपल्या शाळेपुरता एवढा थेट अधिकार नव्हता.

व्यवहारात काय दिसते? अनेक शाळांतून बैठकीची सूचना बैठकीच्या दिवशीच मिळते. ती भरते दुपारी, जेव्हा धुणीभांडी करणारी आई कामावर असते आणि हमाल बाप बाजारात असतो. इतिवृत्त कोणी वाचून दाखवत नाही. सहीसाठी वही पुढे केली जाते. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही ती अंगठा देऊन घरी जाते, आणि कागदावर लोकसहभाग पुरा होतो. यात मुख्याध्यापकांना सरसकट खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्यांच्यामागे ऑनलाइन माहिती भरण्याचा, सर्वेक्षणांचा आणि निवडणूक कामाचा ससेमिरा असतो. पण समिती जिवंत असेल तर त्या ससेमिऱ्याविरुद्ध उभे राहण्याचे बळही मुख्याध्यापकांना तिच्याकडूनच मिळेल.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे मी काही नेमकी कामे ठेवतो. प्रत्येकाने आपल्या प्रभागातील पालिकेच्या एका शाळेची व्यवस्थापन समिती कोणाची आहे, ती केव्हा निवडली गेली, तिची बैठक दरमहा होते का, एवढे आधी शोधून काढावे. बैठक संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्यावी, असा आग्रह पालकांकडून लेखी मांडावा. विकास आराखडा मागून घ्यावा. नसेल तर पालकांबरोबर बसून तो लिहावा, त्यात मंजूर शिक्षकपदे आणि भरलेली पदे ही दोन संख्या शेजारी शेजारी लिहाव्यात आणि तो शाळेच्या फलकावर लावावा. रिक्त पदे १० टक्क्यांच्या वर असतील तर कलम ३२ खाली पालिकेकडे लेखी तक्रार करावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत देणे बंधनकारक आहे, आणि निर्णयाने समाधान न झाल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. नाक्यावरच्या मजुरांच्या मुलांना दाखल्याअभावी परत पाठवले जात असेल तर स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देणे हे कलम ९ नुसार पालिकेचे कर्तव्य आहे, हे त्याच दिवशी शाळेत जाऊन सांगावे.

दुसरी मागणी सभागृहाकडे. १९४९ च्या महापालिका अधिनियमात विशेष समित्या नेमण्याची तरतूद आहे. शिक्षणाची समिती ही केवळ नावापुरती न राहता, तिच्या बैठका लोकांसाठी खुल्या असाव्यात, तिची विषयपत्रिका आधी प्रसिद्ध व्हावी, शाळा समित्यांच्या प्रतिनिधींना तेथे बोलता यावे, आणि वर्षातून एकदा प्रत्येक शाळेचा जमाखर्च व पटसंख्या तिच्यापुढे वाचली जावी, ही मागणी आपण प्रत्येक पक्षाच्या नगरसेवकाकडे नेली पाहिजे. शिक्षण मंडळाचे जे चांगले होते ते अशा रीतीने परत मिळवता येईल, आणि जे वाईट होते ते उघडेपणामुळे फोफावणार नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यापैकी कितीजणांची मुले पालिकेच्या शाळेत आहेत, हे मी हात वर करावयास सांगून विचारणार नाही. प्रत्येक आईबापाला आपल्या मुलाची काळजी असते आणि तत्त्वासाठी मुलाचे वर्ष पणाला लावा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, १९६६ सालीच बजावले होते की श्रीमंतांच्या आणि गरिबांच्या शाळा वेगळ्या पडल्या तर शिक्षणच समाजातील दरी रुंद करील. त्यासाठी परिसरशाळेची, एकाच वस्तीतील सर्व मुलांच्या समान शाळेची शिफारस त्याने केली होती. बोलू शकणारे, लिहू शकणारे, अधिकाऱ्याच्या दालनात शिरू शकणारे लोक त्या शाळेतून बाहेर पडले, आणि मागे उरलेल्यांचा आवाज दालनापर्यंत पोचेना. ज्यांची मुले तेथे नाहीत त्यांनीही त्या शाळेला आपली मानणे, तिच्या समितीला मदत करणे, कागद लिहून देणे, बरोबर जाऊन बसणे, हे निदान आजच्या आज करता येण्याजोगे आहे. हे शहर ज्या जमिनीवर उभे आहे ती सार्वजनिक कामासाठी म्हणून शेतकऱ्याकडून घेतली गेली. त्या जमिनीवरचे सर्वांत सार्वजनिक काम म्हणजे तिच्यावर राहणाऱ्या प्रत्येक मुलाची शाळा.

पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या प्रभागातील एका शाळेची मंजूर पदे, भरलेली पदे आणि समितीच्या मागील बैठकीची तारीख, एवढ्या तीन नोंदी लिहून आणाव्यात. पुढची चर्चा आपण त्या कागदांवरूनच सुरू करू.